मदत हवी आहे : कारखान्यातली विकी मराठी आणि कन्नड दोन्हीत कशी चालवायची?

नमस्कार मंडळी,

बेळगावला उद्यमबागेतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. हायड्रॉलिक पंपाची हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी असली कामं असतात. पोरं निम्मी येळ्ळूर, मच्छे, खानापूरकडची, निम्मी बैलहोंगल-गोकाककडची. बोलायला कुणाचं काही अडत नाही, एकाच वाक्यात मराठी-कन्नड दोन्ही चालतं. अडतं ते लिहिलेलं वाचताना.

आधी प्रत्येक व्हीएमसीला (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) प्लॅस्टिकच्या पिशवीत सेटिंग शीट, म्हणजे कुठलं टूल आणि किती वेग हे लिहिलेला कागद, तारेने बांधलेली असायची. कूलंटने पिवळी पडलेली, बॉलपेनने तीनदा खोडून सुधारलेली, आणि शेवटची दुरुस्ती कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. बाकीचं ज्ञान व्हॉट्सॲप ग्रुपवर, सुप्रभातच्या फुलांखाली गाडलेलं. म्हणून ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर डोकुविकी टाकली, म्हणजे विकिपीडियासारखी सगळ्यांना सुधारता येणारी पानं करायचं सॉफ्टवेअर. विकिपीडिया ज्यावर चालतो ती मीडियाविकी टाळली, कारण तिला डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारा माणूस आमच्याकडे नाही. डोकुविकीची पानं साध्या टेक्स्ट फाइली असतात, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला की बॅकअप झाला. मशीनवर क्यूआर चिकटवलाय, मोबाइलवर पान उघडतं.

आता घोळ. ट्रान्सलेशन प्लगिन (डोकुविकीला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून प्रत्येक जॉबची दोन पानं केली, एक मराठी, एक कन्नड. एका हाउसिंगच्या फिनिश बोअरला (भोकाचा शेवटचा गुळगुळीत कट) इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलायचं पातं, बदलला; त्याच्या टोकाची गोलाई, नोज रेडिअस, ०.८ मिमीवरून ०.४ वर आला. रेडिअस निम्मा झाला की त्याच फीडला (टूल पुढे सरकायचा वेग) खडबडीतपणा साधारण दुप्पट होतो, त्यामुळे फीड कमी केला. मराठी पान त्याच दिवशी सुधारलं गेलं. कन्नड पान तसंच राहिलं. सेकंड शिफ्टच्या सेटरने (मशीनला टूल लावून जॉब जुळवून देणारा) नवीन इन्सर्ट लावला आणि कन्नड पानावरचा जुना फीड दिला. त्याने पान बघून काम केलं, त्याला काय बोलणार? बॅच रिजेक्ट.

मालक म्हणतात एकच भाषा ठेवा. मला ते पटत नाही. कुठली ठेवायची यावर जो वाद होईल तो आपल्याकडे कारखान्याच्या गेटबाहेर पुरेसा चालतो, आत नको.

दुसरा प्रश्न ऑडिटचा. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिली विकी काढली ती कुणीही पान सुधारावं म्हणून. क्वालिटीचं मानक आयएसओ ९००१:२०१५, त्याचं ७.५ कलम मात्र कागद तपासून मंजूर केलेला हवा म्हणतं. दोन्ही जमवलंय का कुणी?

आणि जुने सेटर टायपिंग करत नाहीत. मामांना म्हटलं लिहा, तर म्हणाले, "विचार की रे, सांगतो की."

प्रतिसाद १
दोन पानं ठेवा, पण आकडे दोन ठिकाणी लिहूच नका. फीड, स्पीड, इन्सर्ट, ऑफसेट (मशीनला द्यायची टूलच्या मापाची दुरुस्ती) यांचा तक्ता तिसऱ्या पानावर ठेवा आणि इन्क्लुड प्लगिनने तेच पान मराठीत आणि कन्नडमध्ये आत ओढा. तक्ता एकदा सुधारला की दोन्हीकडे सुधारतो. तक्त्यात वाक्य नको, नुसते आकडे आणि टूल नंबर, तेही मशीनच्या पडद्यावर दिसतात त्याच इंग्रजी अंकांत.

प्रतिसाद २ (निपाणी)
पानांची नावं देवनागरीत किंवा कन्नडमध्ये दिली असतील तर लवकर बदला. डोकुविकी फाइलचं नाव मूळ सेटिंगमध्ये एन्कोड करून, म्हणजे इंग्रजी अक्षर-अंकांच्या कोडमध्ये बदलून ठेवते, आपल्या एकेका अक्षरचिन्हाची नऊ कॅरेक्टर होतात. फाइलच्या नावाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २५५, म्हणजे २८ चिन्हांत खेळ खलास. पार्ट नंबर हेच नाव ठेवा, शीर्षक पानाच्या आत कुठल्याही भाषेत लिहा.
मंजुरीसाठी अप्रूव्ह नावाचं प्लगिन आहे. बदल कुणीही करावा, अधिकृत आवृत्ती तुम्ही ठरवा. कुणी कधी काय बदललं हा इतिहास डोकुविकी ठेवतेच, ऑडिटरला तोच दाखवायचा. प्रिंट काढलीच तर तारीख आणि 'अनियंत्रित प्रत' (म्हणजे पुढचे बदल हिच्यात येणार नाहीत) हा शिक्का हवा.

प्रतिसाद ३
मामांना लिहायला लावू नका हो. सेटिंग करताना एक पोरगा शेजारी उभा करा, मोबाइलवर फोटो आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड. बोलून टायपिंग शॉपच्या आवाजात चालत नाही, जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये चालतं. पानाखाली माहिती देणारा म्हणून मामांचं नाव टाका. नाव दिसलं की चुका ते स्वतःच सांगायला येतात.

धागाकर्ता
इन्क्लुडचं लगेच करून बघितलं, एका जॉबला बरोबर चाललं. नावं बदलावी लागणार, काही पानं २८ च्या जवळ आहेतच. एक शंका राहिली: इन्क्लुड केलेल्या तक्त्याला मंजुरी वेगळी द्यावी लागते का? म्हणजे तक्ता ड्राफ्टमध्ये असला आणि वरचं पान मंजूर असलं, तर सेटरला कुठले आकडे दिसणार? कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सांगा, तोवर तक्ते सुधारायचा हक्क आम्ही दोघांनाच ठेवलाय.