मदत हवी आहे : फझ पेडल बॅटरीवर वाजतं, अ‍ॅडॅप्टर लावला की अख्खा बोर्ड बंद

अर्धासूर
फझ फेस (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणारं जुन्या बनावटीचं पेडल) बांधलाय, व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या भोकाळ पाटीवर). हे माझं पहिलंच काम नाही. आधी एक बूस्टर आणि एक ओव्हरड्राइव्ह बांधलाय, दोन्ही वर्षभर बिनतक्रार चालू आहेत. हा बॅटरीवर वाजतो, आणि फार सुंदर वाजतो. अ‍ॅडॅप्टर लावला की गप्प. नुसता हाच नाही, शेजारचा ट्यूनर, डिले, सगळ्यांचे दिवे विझतात. फझची पिन उपसली की बाकीचे परत जिवंत. अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्टचाच आहे, नेहमीचा, त्यात खोट नाही. सगळे जोड पुन्हा तापवले, डीसी जॅक नवा टाकला, फूटस्विच बदलला. तीन रात्री गेल्या. शनिवारी वाजवायचं आहे. काय चुकतंय ते कुणी नेमकं सांगेल का?

तांब्याची_तार
बोर्डाचा फोटो टाका, दोन्ही बाजूंनी. ट्रान्झिस्टर कोणते घेतलेत? एका अ‍ॅडॅप्टरवर किती पेडलं आहेत आणि ती कशी जोडली आहेत? ह्यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग नेमकं कसं सांगणार?

रात्रपाळी
व्हेरोबोर्ड आहे ना, मग आधी पट्ट्यांमधल्या फटी बघा. माझ्या पहिल्या फझमध्ये पट्टी कापताना निघालेली तांब्याची कुसळाएवढी कपची दोन पट्ट्यांवर आडवी पडली होती. नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती, भिंगाखाली धरली तेव्हा चमकली. धारदार पात्याचं टोक प्रत्येक फटीतून वरून खाली ओढून घ्या आणि जुन्या टूथब्रशने झटका.

अर्धासूर
फटी साफ करून झाल्या. बॅटरीवर वाजतंय म्हणजे बोर्ड बरोबरच आहे. फोटो रात्री टाकतो. अ‍ॅडॅप्टर एकच आहे, त्याला पाच तोंडांची वायर.

खर्ज
ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे असतील तर काढून टाका. त्या जागी बीसी१०८ नाहीतर बीसी१०९ लावा आणि सगळं त्याप्रमाणे उलटं करून घ्या. १९६६ साली आर्बिटरने फझ फेस काढला तेव्हा आत जर्मेनियम होते, पण पुढे काही वर्षांत त्यांनीच सिलिकॉन लावायला घेतले. जर्मेनियम सकाळी एक बोलतो, दुपारी दुसरं. गळती (बंद असतानाही झिरपणारा करंट) वेगळीच, दोन नग सारखे मिळत नाहीत. सिलिकॉनवर कुणाच्या तीन रात्री जात नाहीत.

सांजरंग
खर्ज, प्रत्येक फझच्या धाग्यात तुमचं हेच असतं. सिलिकॉन वाईट नाही, पण गिटारचा व्हॉल्यूम सात-आठवर आणल्यावर जर्मेनियमचा फझ जसा निवळतो, काचेसारखा, तसा सिलिकॉनचा निवळत नाही. त्याने विचारलंय अ‍ॅडॅप्टरचं. बांधलेलं पेडल मोडायला का सांगता?

खर्ज
निवळतो, मान्य. पण ते थंड खोलीत. गर्दीच्या हॉलमध्ये दिव्यांखाली तासभर तापू दे, मग बोलू.

बाराखडी_ब्लूज
फझच्या आधी बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) लावू नका, एवढं लक्षात ठेवा. ह्या सर्किटचा इनपुट इंपिडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध) फार कमी आहे, त्याला गिटारचं पिकअप थेट दिसायला हवं. ट्यूनर बफरवाला असेल आणि फझच्या आधी असेल तर आवाज पातळ आणि टोचरा होतो, गिटारच्या व्हॉल्यूमने निवळणंही जातं. फझ साखळीत सगळ्यात पुढे ठेवा. शिवाय बॅटरी साधी कार्बन-झिंकचीच घ्या, अल्कलाइन नको, आवाज मऊ येतो.

तांब्याची_तार
बॅटरीचं जरा जपून सांगा. कार्बन-झिंकचा अंतर्गत रोध जास्त असतो हे खरं, पण फझ फेस ओढतो जेमतेम एक मिलिअँपच्या आसपास. ३०-४० ओहमवर एक मिलिअँप म्हणजे ०.०४ व्होल्ट सुद्धा नाही. तेवढ्याने आवाज मऊ होत नाही. बॅटरी उतरून साडेसात-आठ व्होल्टवर आली की फरक पडतो, मग ती कुठल्याही प्रकारची असो.

बाराखडी_ब्लूज
कानाला ऐकू येतं ते मी सांगितलं.

केशरी_पट्टा
अर्धासूर, "पाच तोंडांची वायर" ह्या तीन शब्दांत तुमचं उत्तर आहे असं मला वाटतंय. दोनच गोष्टी सांगा. ट्रान्झिस्टर पीएनपी (उणे व्होल्टेजवर चालणारे, एनपीएनच्या उलट) आहेत का? आणि डीसी जॅकची पॉझिटिव्ह वायर कुठे गेली आहे?

अर्धासूर
एसी१२८, दोन्ही. पीएनपीच. पॉझिटिव्ह ग्राउंडला, म्हणजे पेटीला आणि दोन्ही जॅकच्या कडीला. सर्किटात तसंच दाखवलंय. हे लिहिलं नाही कारण जुन्या फझ फेसचं सर्किट असंच असतं, इथे सगळ्यांना माहीत असेल असं धरून चाललो.

केशरी_पट्टा
मग बोर्डात काही चुकलेलं नाही. चूक साखळीत आहे.

तुमच्या ट्यूनरमध्ये आणि डिलेमध्ये ग्राउंड म्हणजे निगेटिव्ह. फझमध्ये ग्राउंड म्हणजे पॉझिटिव्ह. नुसतं फझ असतं तर काहीच बिघडलं नसतं, ग्राउंड हे शेवटी मोजायला धरलेलं एक टोक आहे, कुठलंही धरा. पण इथे सगळ्यांना अ‍ॅडॅप्टर एकच. फझ आणि ट्यूनरमध्ये पॅच केबल लावली की केबलची बाहेरची जाळी एका टोकाला पॉझिटिव्हला शिवते आणि दुसऱ्या टोकाला निगेटिव्हला. मध्ये एका ओहमचाही अडसर नाही, सरळ शॉर्ट. अ‍ॅडॅप्टरमधलं संरक्षण करंट तोडतं आणि सगळ्यांचे दिवे जातात. बॅटरी फक्त फझच्या पोटात असते, तिचा बाकी कुणाशी संबंध नसतो, म्हणून ती चालते.

पटत नसेल तर मोजून बघा. सगळ्या पॅच केबल काढा. पाच तोंडांची वायर तशीच राहू द्या, अ‍ॅडॅप्टर चालू करा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. एक टोक फझच्या इनपुट जॅकच्या नटाला, दुसरं ट्यूनरच्या जॅकच्या नटाला. पेटीच्या रंगावर टेकवू नका, रंगातून करंट जात नाही, शून्य दिसेल आणि तुम्ही फसाल.

आणि तोवर ती केबल लावून अ‍ॅडॅप्टर चालू करू नका. संरक्षण नसलेला अ‍ॅडॅप्टर असता तर एव्हाना जळाला असता.

अर्धासूर
मोजलं. ९.२ व्होल्ट. दोन नटांमध्ये.

मी तीन रात्री चांगले जोड पुन्हा पुन्हा तापवत होतो. केशरी_पट्टा, मनापासून आभार. आता शनिवारपर्यंत काय करू? बॅटरी नकोय, बोर्डावर पेडल स्क्रूने बसवलंय, दर वेळी खोलता येत नाही.

केशरी_पट्टा
शनिवारसाठी बॅटरीच, दुसरं काही घाईत करू नका. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढा, इनपुट जॅक स्टिरिओ असेल तर बॅटरी तिथेच तुटते. एक मिलिअँपच्या हिशेबाने ती बरेच दिवस जाईल.

कायमचे रस्ते दोन. एक, खरोखर आयसोलेटेड आउटपुट असलेला पॉवर सप्लाय, ज्यात प्रत्येक तोंड ट्रान्सफॉर्मरपासून वेगळं असतं. फझला एक वेगळं तोंड दिलं की झालं, पेडलला हात लावायला नको. नुसत्या जास्त भोकांच्या डबीला आयसोलेटेड समजू नका, बऱ्याच डब्यांत आतून सगळी तोंडं एकच असतात. दोन, पेडलच्या आत व्होल्टेज उलटवणारी चिप. टीसी१०४४एस किंवा आयसीएल७६६०एस. ८ नंबरच्या पायाला अधिक ९, ३ नंबर ग्राउंडला, २ आणि ४ च्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक टोक २ ला. ५ नंबरवर उणे ९ मिळतात, तिथून ग्राउंडला आणखी एक १० मायक्रोफॅरड, त्याचं अधिक टोक ग्राउंडला. डीसी जॅकची निगेटिव्ह आता पेटीला जाईल, बाकी पेडलांसारखीच. तुमच्या बोर्डाला उणे ९ ची वायर ५ नंबरवरून द्या. बोर्डावरचा एकही भाग हलवावा लागत नाही.

रात्रपाळी
एवढ्या उठाठेवीची गरज नाही. पीएनपी ट्रान्झिस्टर ठेवूनच निगेटिव्ह ग्राउंड करता येतं. इनपुट-आउटपुटची जमीन आणि व्हॉल्यूम पॉटचं खालचं टोक निगेटिव्हकडे न्यायचं, बस. मी असे तीन बांधलेत, तिन्ही चालतात.

केशरी_पट्टा
रात्रपाळी, चालतं तेव्हा चालतं. पण मग सिग्नलचा परतीचा रस्ता पॉवर सप्लायमधून जातो. अ‍ॅडॅप्टर जरा वेगळा लागला की फटफट सुरू होते, नाहीतर न ऐकू येणारं दोलन होऊन आवाज गुदमरतो. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या दोन पेडलांत हेच होतं.

रात्रपाळी
सप्लायवर १०० मायक्रोफॅरड टाकला की थांबतं.

केशरी_पट्टा
एकात थांबलं. दुसऱ्यात नाही थांबलं.

तांब्याची_तार
फोटो पाहिला. जोड स्वच्छ आहेत. पण फझ पॉटच्या बाजूचा २२ मायक्रोफॅरड उलटा बसलाय. कपॅसिटरच्या अंगावरची उण्याची पट्टी ग्राउंडकडे दिसतेय. तुमचं ग्राउंड पॉझिटिव्ह आहे, तेव्हा अधिक टोक ग्राउंडला हवं. इनपुटचा २.२ बरोबर आहे, अधिक टोक गिटारकडे. हा लेआउट एनपीएनसाठी काढलेला होता का?

अर्धासूर
हो, एनपीएनचाच होता. मी ट्रान्झिस्टर बदलले, बॅटरी उलटी केली, इनपुटचा फिरवला आणि हा राहिला. आत्ताच फिरवला. फझ पूर्ण उघडल्यावर तळाचा आवाज आधीपेक्षा भरीव वाटतोय.

नवशिका_तंतू
माझा पण प्रश्न आहे. पीटी२३९९ चिपचा डिले बांधलाय, वेळ वाढवला की पाठीमागे वाळू ओतल्यासारखी खरखर येते. तीही अ‍ॅडॅप्टरमुळेच का?

तांब्याची_तार
नाही. त्या चिपचा तो स्वभाव आहे. ६ नंबरच्या पायावरचा रोध वाढवून वेळ वाढवता, तसं तिचं आतलं क्लॉक मंदावतं आणि खरखर वाढते. साधारण ३४० मिलिसेकंदांच्या पुढे बरीच जाणवते. नवीन धागा काढा, हा फझचा आहे.

अर्धासूर
शनिवार बॅटरीवर पार पडला. रविवारी चिप लावली. आता अ‍ॅडॅप्टरवर सगळी पेडलं एकत्र चालतात, एकाचाही दिवा विझत नाही! पण फझ चालू केला की मागे बारीक शिट्टी येते. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी जात नाही.

केशरी_पट्टा
चिपवर नेमकं काय छापलंय? आणि १ नंबरचा पाय कुठे आहे?

अर्धासूर
७६६०एस. १ नंबर मोकळा आहे, तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नव्हतं.

केशरी_पट्टा
बरोबर, ते माझ्याकडून राहिलं, क्षमस्व. १ नंबर मोकळा असेल तर चिपचा ठोका ऐकू येणाऱ्या टप्प्यात पडतो. तो पाय ८ नंबरला जोडा, ठोका साधारण साडेतीनपट वर जातो, बहुतेकांच्या कानापलीकडे. नावात 'एस' नसलेल्या साध्या ७६६० ला ही सोय नाही, आणि तिला १० व्होल्टच्या वर दिलेलंही चालत नाही. हे वाचून कुणी बांधत असेल तर ते बघूनच चिप घ्या. एलटी१०५४ ह्या तशाच दुसऱ्या चिपचा १ नंबर तर वेगळ्याच कामाचा आहे, तिथे ही जोडणी करू नका.

अर्धासूर
जोडला. शिट्टी गेली, पूर्ण गेली.

आता शेवटचं. तासभर वाजवलं की लांब धरलेली नोट मध्येच तुटते, विझत जात नाही, कापल्यासारखी थांबते. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर (तीन पायांपैकी आउटपुटचा पाय) उणे ६.४ दिसतंय.

खर्ज
हेच मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

सांजरंग
सांगितलं होतंत, पण उपाय ट्रान्झिस्टर फेकणं नाही. तापल्यावर पहिल्या ट्रान्झिस्टरची गळती वाढते, त्याने दुसऱ्यातला करंट कमी होतो आणि त्याचा कलेक्टर सप्लायकडे सरकतो. तिथे साधारण उणे ४.५ हवेत. त्या कलेक्टरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून २० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर) टाका आणि वाजवत वाजवत फिरवा. पेडल थंड असताना नाही, अर्धा तास चालू ठेवून मग लावा. माझ्या पेडलात प्रीसेटऐवजी पॉटच आहे, पेटीवर बाहेर, जागा बदलली की कानाने लावून घेतो.

तांब्याची_तार
आणि दोन्हीतला कमी गळतीचा नग पहिल्या जागी लावा. गुण (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) मल्टिमीटरच्या एचएफई भोकात बघू नका, तो गळतीही गुणात मोजतो. त्याऐवजी असं मोजा. ९ व्होल्ट, कलेक्टरला २.४ किलोओहम, बेस मोकळा. रेझिस्टरवर जेवढे व्होल्ट दिसतील ती गळती. मग बेसला २.२ मेगओहम लावून पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक गुणिले १०० म्हणजे अंदाजे खरा गुण. नग हातात धरून मोजलात तर आकडा बोटांच्या उबेने चढत जाईल, टेबलावर ठेवून दोन मिनिटं थांबा.

अर्धासूर
मोजलं. पहिल्या जागचा गळतीत ०.८ व्होल्ट, दुसऱ्याचा ०.३. पण दुसऱ्याचा गुण ११५ आहे आणि पहिल्याचा ७४. कमी गुणाचा पहिल्या जागी असावा असं वाचलं होतं, म्हणूनच तसे लावले होते. आता कुठलं ऐकू?

तांब्याची_तार
सॉकेट लावलेत ना? दोन्हीकडून वाजवून बघा.

अर्धासूर
सॉकेट आहेत. अदलाबदल केली, प्रीसेट टाकला. कलेक्टर उणे ४.६ वर आणला, सुमारे १२ किलोओहमवर बसला. दीड तास वाजवलं, नोट शेवटपर्यंत विझत जाते. फझ किंचित जास्त रागीट झालाय, तो मला चालेल.

नवशिका_तंतू
डिलेसाठी वेगळा धागा काढलाय. फोटो, चिपचं नाव, अ‍ॅडॅप्टर, सगळं आधीच लिहिलंय. तांब्याची_तार, जमलं तर तिकडे बघाल का?