मदत हवी आहे: चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लेथ (धातू फिरवून कापायचं यंत्र) ठेवावं का?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते. नोकरी हिशेब तपासण्याची, नाद मात्र जुन्या पितळी स्टोव्हचा. फर्रर्र आवाज करणारे, पंपाचे. सासूबाईंचा एक दुरुस्त केला, मग नातेवाईक आपापल्या माळ्यावरचे काढून आणून देऊ लागले. आता घरात ११ आहेत. (नवरा १२ म्हणतो, पण त्यातला एक कंदील आहे.)

चामडी वायसर मिळतात. अडतं ते पंपाच्या टोपणावर, हवेच्या चावीच्या स्क्रूवर. नागदेवीच्या हत्यारबाजारात कधीतरी जुना माल सापडतो, पण आटे जुळतीलच असं नाही. एका गाळ्यात विचारलं तर तिथला टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) म्हणाला, "मॅडम, शंभर नग असतील तर या. एका नगासाठी सेटिंग कोण लावणार?" त्याचंही बरोबरच आहे.

म्हणून स्वतःचंच लेथ घ्यायचं डोक्यात आहे. बजेट टूल धरून ७०,०००. एक तर नवं सात बाय चौदा इंची मिनी लेथ, ४० किलोच्या आसपास. नाहीतर ओळखीतल्या एका बंद वर्कशॉपमधलं साडेचार फुटी, जवळपास भंगाराच्या भावात. खरं सांगायचं तर मन दुसऱ्यावर आहे. जागा म्हणजे बंद केलेली बाल्कनी, वीज सिंगल फेज. स्लॅब झेपेल का? त्या जुन्याच्या थ्री फेज मोटरचं काय करायचं? आणि टूल (कापायचं हत्यार) स्वतः घासून धार लावायला शिकायलाच हवं, की कार्बाइडच्या इन्सर्टवर (तयार, बदलायच्या टोकांवर) भागेल?

ओढणी आणि बांगड्या काढून काम करायचं हे माहीत आहे, ते कृपया पुन्हा सांगू नका.

प्रतिसाद: जुना टर्नर

ताई, साडेचार फुटी विसरा. मोटरची अडचण नाही, डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालणारी असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजमधून थ्री फेज वीज करून देणारा डबा) लावून सिंगल फेजवर फिरते. अडचण वजनाची. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून केलेला असतो. हे काही शे किलोंचं धूड, तेही दोन पायांवर उभं. आणि बाल्कनी तर पुढे लोंबणारी! शिवाय जुन्या मशीनचा बेड (टूल ज्यावर सरकतं तो पाया) चकजवळच (नग पकडणाऱ्या फिरत्या जबड्याजवळ) जास्त झिजलेला असतो, तो वर्कशॉपमध्ये घासून घ्यायचा म्हणजे स्वस्तात घेतलेलं सगळं तिथेच गेलं.

तुमच्या कामाला मिनी भरपूर. टेबल जड घ्या आणि ते बाल्कनीत नको, आतल्या खोलीत भिंतीलगत ठेवा.

टूल घासायला शिकाच. पितळेला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल वरून सपाट ठेवायचं, पोलादासारखा उतार दिलात तर ते जॉबमध्ये (कापायच्या नगात) घुसतं आणि जॉब उडतो. टूलचं टोक बरोबर जॉबच्या सेंटरच्या उंचीला हवं. खाली असेल तर फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट करताना) मधे बोंड उरतं, मग टूलखाली हॅकसॉ ब्लेडचे तुकडे सारा. आम्ही सगळे तसंच शिकलो.

आट्यांचं आधी बघा. जुने स्टोव्ह इंची आट्यांचे असू शकतात. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) मिलिमीटरचा असेल तर अचूक इंची आट्यांसाठी १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला ५ ने गुणलं की १२७. तो सोबत येतो का, विचारा. असे आटे पाडताना हाफ नट (टूल लीड स्क्रूला जोडणारा नट) मधे उघडायचा नाही, मोटर उलटी फिरवून मागे यायचं. बारीक आट्यांना टॅप-डाय (तयार आटे पाडायची हत्यारं) आणि हाताने फिरवलेला चक पुरतो.

ओढणीचं नाही सांगत. पण चकची चावी हातातून सुटली की ती चकमध्ये दिसता कामा नये. हातमोजे नकोत. पावसाळ्यात बेडवर रोज तेलाचा हात फिरवा, नाहीतर ऑगस्टपर्यंत लाल होईल.

प्रतिसाद: धागाकर्ती

खूप आभार, दादा. साडेचार फुटीवर पाणी सोडलं, जड मनाने. दुकानदाराला फोन केला, १२७ चा गिअर सोबत येत नाही, वेगळा मागवावा लागेल म्हणाला. आता एकच: सरावाला १२ मिलिमीटरचा पितळी राउंड बार फूटभर सुटा कुठे मिळेल? सगळे अख्खी लांबी घ्या म्हणतात.