सासूबाई रोज संध्याकाळी "घरी जायचं" म्हणून निघतात, दाराला कुलूप लावावं का?

पूर्वभागची_सून

नमस्कार, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) आहे, त्यावरची डोनेपेझिल गोळी चालू आहे. सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं त्यांचं. दिवसभर बऱ्या असतात पण ऊन कलायला लागलं की सुरू, इंटिकी पोदाम इंटिकी पोदाम (तेलुगूत, घरी जाऊ या), आणि चप्पल घालून सरळ दाराकडे. "अत्ता (सासूबाई), हे घर तुमचंच आहे" असं सांगितलं की जास्तच चिडतात. आता मराठी जवळजवळ सुटलीय त्यांची, लहानपणीची तेलुगूच राहिलीय, आणि एजन्सीनं पाठवलेल्या बाईला तेलुगू येत नाही, त्यामुळे ती नुसती हात धरून बसवते मग ह्या ओरडतात. परवा गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या होत्या. मिस्टर म्हणतात बाहेरून कुलूप लाव, मला ते कसंतरीच वाटतं. त्यात या आठवड्यात तर एकदम वाढलंय, रात्री भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, दुपारी नुसत्या झोपून. आजार पुढे गेला म्हणायचं का? नणंदबाई फोनवर सांगतात झोपेची गोळी दे, मेडिकलवाला देतो.

सिस्टर_रिटायर्ड

ताई कुलूप नंतर बघू, आधी लघवी तपासा. उद्याच. डिमेन्शिया असा चार दिवसांत उडी मारत नाही ओ, हळूहळू उतरतो. एकदम भास, दिवसा गुंगी असं झालं की आधी लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, शौचाला न होणं, नवीन सुरू झालेली गोळी हे बघायचं. म्हाताऱ्या माणसाला इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, डोकंच आधी बिघडतं. आणि आपल्याकडचा मे, पारा ४२-४३ वर, त्यांना तहान कळत नाही, मागणार पण नाहीत. ग्लासभर दिलं तर नको म्हणतील, थोडं थोडं ताक, कलिंगड, पातळ आमटी असं देत राहायचं (किडनी किंवा हार्टचं काही असेल तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून). रक्तातलं सोडियम, साखर पण बघून घ्या. मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं झोपेची गोळी अजिबात नको, गुंगीत पडल्या आणि खुबा मोडला तर काय करणार? नणंदबाईंना म्हणावं आठ दिवस येऊन राहा, मग गोळीचं सांगा.

कुंभारीकर

आमच्या आईचं सेम होतं. घर म्हणजे बहुतेक माहेर असतं त्यांच्या डोक्यात, तिथं वाद घालून काय उपयोग नाही. मी म्हणायचो चल जाऊ, एक चक्कर मारायचो, कोपऱ्यावर चहा पाजायचो आणि परत आणायचो, दारात आली की स्वतःच म्हणायची आलं घर. रोज जमत नाही हे मान्य, मी पण काही दिवस वैतागून आवाज चढवायचो. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावून बघा, सावल्या पडल्या की त्यांचं वाढतं.

आम्ही घरकुलात राहायलोय, एका रांगेत सगळी घरं सारखी, चांगल्या माणसाला कळंना तर तिला काय कळणार, म्हणून दार लालभडक रंगवलं. किराणावाला आणि रिक्षा स्टॉपवर फोटो दाखवून ठेवला. फोन नंबर पर्समध्ये नाही, परकराच्या आतून शिवा, पर्स कुठंही ठेवून येतात.

कुलपाचं म्हणाल तर घरात माणूस असेल तर आतून खाली पायाजवळ कडी लावा, त्यांची नजर तिकडं जात नाही, वर घंटी बांधा. एकटं ठेवून बाहेरून कुलूप मात्र नको, गॅस आहे घरात.

हिशेबी_माणूस

थोडं रुक्ष बोलतो. बँकेचं बघितलं का? सासूबाईंना अजून कळतंय आणि सही करतायत तोवर जॉइंट खातं, नॉमिनी उरकून घ्या. बरेच जण मुखत्यारपत्र करून निवांत बसतात, पण माणसाला समज राहिली नाही की आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्र चालत नाही, मग पालक नेमायला कोर्टात जावं लागतं. ७० च्या पुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर, घरच्या बाईचा पगार त्यातून मिळत नाही. तो भावाभावांत वाटून घ्या, बोलायला लाजू नका. सल्ल्याला ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे १४५६७, फुकट.

पूर्वभागची_सून

सिस्टर, रिपोर्ट आला, इन्फेक्शनच होतं!! अँटिबायोटिक चालू केलंय, भिंतीवरची माणसं गेली. संध्याकाळचं अजून आहेच पण पहिल्याइतकं नाही. एक विचारायचं होतं, त्या पदराचं टोक सारखं बोटावर गुंडाळतात आणि नखानं तोंड दुमडतात, अगदी विडीसारखं. बाई म्हणते सवय मोडा, पदर फाटतो.

सिस्टर_रिटायर्ड

मोडू नका! विड्या वळताना घेतात तसं धान्य पाखडायचं सूप मांडीवर द्या, वर्तमानपत्राचे विडीच्या पानाएवढे तुकडे कापून द्या, दोरा द्या. कात्री आणि तंबाखू नको. चार वाजताच बसवा, निघायची वेळ व्हायच्या आधी. आणि जमलं तर तेलुगू येणारी बाई बघा, पूर्व भागात मिळायला अवघड नाही.

पूर्वभागची_सून

शेजारच्या अक्काच यायला तयार आहेत दुपारनंतर, त्या पण विडीवाल्याच. पगाराचं आज दिरांशी बोलते.