मदत हवी आहे: शॉटकटमध्ये व्हिडिओ अडखळतो, आवाजही जुळत नाही (दशावताराचं चित्रीकरण)

मंडळी, व्हिडिओ एडिटिंगमधल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या गावच्या जत्रेतला दशावतार यंदा आम्ही रात्रभर चित्रित केला. ट्रायपॉडवर दोन मोबाइल, आणि पायपेटी-पखवाजाजवळ आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. राजाची भूमिका करणारे काका आता थकलेत. पुढच्या जत्रेला ते रंगमंचावर उभे राहतील की नाही, सांगता येत नाही. त्यामुळे हे काम नीटच व्हायला हवं.

लॅपटॉप आठव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १०. फुटेज ४के, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत), बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर. एडिटिंग शॉटकट या सॉफ्टवेअरमध्ये करतोय.

टाइमलाइनवर प्ले केलं की चित्र गचके खात चालतं, कट मारलेल्या जागी तर क्षणभर थिजतंच. तीच फाइल व्हीएलसीमध्ये सुरळीत चालते. प्रीव्ह्यू स्केलिंग (एडिटिंग करताना दिसणारं चित्र लहान करणं) ३६०पी करून पाहिलं, फारसा फरक नाही.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागणारी आहे. रेकॉर्डरचा आवाज सुरुवातीला टाळीवर जुळवला की संकासुराच्या प्रवेशापर्यंत सगळं ठीक असतं. पुढे लढाईच्या प्रवेशात काकांचा पाय आधी आपटलेला दिसतो आणि पखवाजाची थाप मागून ऐकू येते. हा फरक सारख्या गतीने वाढत नाही, मध्येच वाढतो, मग बराच वेळ तेवढाच राहतो. फाइल उघडताना शॉटकट रूपांतर करायचं का असं विचारतो. त्याने चित्राचा दर्जा उतरेल का? नवीन लॅपटॉप घेणं सध्या शक्य नाही.

प्रतिसाद

लॅपटॉप बदलायची गरज नाही. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी गचके. एच.२६५ मध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्यांत आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच असतं. व्हीएलसी एकच फाइल ओळीने वाचत जातो, त्याला ते जमतं. टाइमलाइनवर मात्र कट आला की आधीची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळं उलगडावं लागतं, तेही तुमच्याकडे दोन ट्रॅकवर. प्रीव्ह्यू स्केलिंगने फरक पडला नाही तो याचमुळे: ४के फ्रेम आधी पूर्ण उलगडते आणि मगच लहान होते, मुख्य मेहनत तशीच राहते. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा. एडिटिंग हलक्या प्रतीवर होतं, एक्सपोर्टला मूळ फाइल वापरली जाते. प्रॉक्सी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवा, यूएसबी डिस्कवर नको.

आता आवाज. दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक असता तर तो एकसारखा वाढत गेला असता. तुमचा थांबून थांबून वाढतोय, म्हणजे मोबाइलचा फ्रेम रेट (दर सेकंदाला घेतलेल्या फ्रेमची संख्या) बदलता आहे. उजेड कमी झाला की बरेच मोबाइल आपोआप फ्रेम कमी घेतात, ३० वरून २४ पर्यंतही येतात. मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून फ्रेम रेट मोड बघा, 'व्हेरिएबल' म्हणजे बदलता असेल. लढाईच्या वेळी रंगमंचावरचे दिवे कमी केले होते का?

शॉटकट विचारतो ते रूपांतर कराच, त्याने फ्रेम रेट स्थिर होतो. तीन पर्यायांतला पहिला, एच.२६४ वाला घ्या. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, त्यामुळे गचकेही बरेच कमी होतील. दर्जातला फरक डोळ्यांना जाणवणार नाही. बाकीचे दोन पर्याय ४के रात्रभराच्या फुटेजला डिस्क पुरू देणार नाहीत.

धागाकर्ता

खूप आभार! मोड 'व्हेरिएबल'च निघाला. आणि हो, लढाईला ट्यूबलाइट बंद करून फक्त रंगीत दिवे ठेवले होते.

लढाईचीच एक क्लिप रूपांतर करून टाकली. काका गिरकी घेऊन दोन्ही पाय टेकवतात तिथे पखवाज बरोबर सापडतोय! प्रॉक्सीवर दोन्ही ट्रॅक एकत्र चालताहेत. बाकीच्या क्लिप आज रात्री लावून ठेवतो. मूळ फाइली नंतर पुसल्या तर चालतील का? डिस्क भरत आलीय.

प्रतिसाद

मूळ फाइली अजिबात पुसू नका, असं चित्रीकरण पुन्हा मिळणार नाही. जागा हवी असेल तर प्रॉक्सी उडवा, त्या पुन्हा बनवता येतात. रूपांतरित प्रती मात्र फायनल एक्सपोर्ट होईपर्यंत राहू द्या, तुमचा प्रोजेक्ट आता त्यांवरच उभा आहे. आणि पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ऑटो एफपीएस (फ्रेम रेट आपोआप बदलण्याची सोय) असेल तर ते आधी बंद करा.