‘ग्रीन क्रीक’ मालिका: पहिल्या भागानंतर पुढे वाचावे का?

वनवाट:
टी. जे. क्लून यांच्या ‘ग्रीन क्रीक’ मालिकेतील ‘वुल्फसाँग’ हा पहिला भाग नुकताच वाचून संपवला, आणि तेव्हापासून माझे मत एका जागी ठरत नाही. ऑरेगॉनमधील एका लहानशा गावात राहणारा, वडील घर सोडून गेलेला, अबोल ऑक्स शेजारी राहायला आलेल्या बेनेट कुटुंबात हळूहळू रुळतो, ते कुटुंब वेअरवुल्फांचे, म्हणजे लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसांचे, असल्याचे त्याला पुढे कळते आणि त्यांच्यातला धाकटा जो हाच कालांतराने त्याचा जोडीदार होतो. त्या घरातील रविवारच्या जेवणांचे प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचले. खटकल्या त्या दोन गोष्टी. तीच ती वाक्ये इतक्या वेळा येतात की शेवटी मी ती गाळून पुढे जाऊ लागले. शिवाय, ऑक्स १६ वर्षांचा आणि जो १० वर्षांचा असतानाच त्यांची गाठ बांधली गेल्याचे सुचवले आहे. प्रणय पुष्कळ नंतर येतो, हे मान्य. पण सारे आधीच ठरलेले असेल, तर दोघांनी एकमेकांना निवडले असे म्हणायचे कशाच्या आधारावर? उरलेले तीन भाग वाचावेत का?

पालुपद:
पुनरावृत्तीविषयी माझे मत वेगळे आहे. ऑक्स १२ वर्षांचा असताना, तू मंद आहेस आणि लोक तुला तसेच वागवतील, असे सांगून वडील निघून जातात, आणि हा मुलगा ते बोल उगाळतच मोठा होतो. त्याचे निवेदन ओवीसारखे त्याच शब्दांपाशी परत येते, ते मला त्यामुळेच पटले. दुसऱ्या भागात, ‘रेव्हनसाँग’मध्ये, मात्र निवेदक गॉर्डो आहे. तो जादूगार, गॅरेजचा मालक आणि कमालीचा चिडलेला माणूस असल्यामुळे भाषेला धार आली आहे, आणि भूतकाळ व वर्तमान आलटून पालटून येत असल्याने कथानकही अधिक घट्ट आहे. माझ्या दृष्टीने चारही भागांत तोच सरस. तिसऱ्या भागात पालुपदे पुन्हा वाढतात आणि तिथे मात्र मलाही त्यांचा कंटाळा आला.

जुनी वही:
निवडीविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि पहिल्या भागात त्याला समाधानकारक उत्तर नाही, असे मलाही वाटते. जो ऑक्सला दगडातून कोरलेला लांडगा भेट देतो तेव्हा त्या भेटीचा अर्थ ऑक्सला ठाऊक नसतो, आणि हे अज्ञान लेखकाने जरा सोयीने वापरले आहे. पण गॉर्डो आणि मार्क बेनेट यांच्या बाबतीत हीच ‘मेट’ची, म्हणजे आधीच ठरलेल्या जोडीदाराची, कल्पना उलटी तपासली जाते. बेनेट मंडळी किशोरवयीन गॉर्डोला मागे ठेवून गाव सोडतात, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो मार्कला जवळ येऊ देत नाही. गाठ आधीच बांधलेली असली, तरी माणूस ती नाकारू शकतो आणि नाकारण्याची किंमतही मोजतो, हे तिथे दिसते. तुमचा प्रश्न लेखकालाही पडला असावा, असे ते वाचताना मला वाटले.

उंबरठा:
‘वुल्फसाँग’ २०१६ साली प्रथम प्रसिद्ध झाले तेव्हा आपल्याकडे ३७७वे कलम अजून जसेच्या तसे होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. मी ते त्या मधल्या काळात, घरात कोणाला काही सांगितलेले नसताना वाचले. त्यामुळे शैलीपेक्षा मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटली: ऑक्सला पुरुष आवडतात, यावरून त्याची आई त्याला दूर लोटत नाही आणि गॅरेजमधले मित्रही तोंड फिरवत नाहीत. भीती आहे ती कळपाच्या शत्रूंची. तेव्हा मला हे वेअरवुल्फांपेक्षाही अद्भुत वाटले होते.
वाचायचे ठरवल्यास क्रम मोडू नका. तिसऱ्या भागात, ‘हार्टसाँग’मध्ये, निवेदक रॉबीच्या स्मृतीशीच खेळ झालेला असल्याने आधीचे भाग वाचल्याशिवाय त्याची तगमग कळत नाही. त्याच भागात जोचा भाऊ केली बेनेट अलैंगिक (लैंगिक आकर्षण न वाटणारा) असून त्याच्या वाट्याला पूर्ण प्रेमकथा येते. लेखक स्वतःही अलैंगिक असल्याचे उघडपणे सांगतात, आणि तो तपशील किती सहजपणे आला आहे हे पाहण्यासारखे आहे. जोचा दुसरा भाऊ कार्टर याचा चौथा भाग, ‘ब्रदरसाँग’, मला थोडा लांबलेला वाटला.

वनवाट:
सर्वांचे आभार. गॉर्डोने नकार दिला, एवढे कळल्यावर ‘रेव्हनसाँग’ मागवले आहे. ‘हार्टसाँग’चा निर्णय ते वाचून झाल्यावर घेईन.