मदत हवी आहे: मनालीसाठी हवेच्या थरांच्या जाडीचा कोणता आकडा धरावा?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीहून दहा जणांचा गट जानेवारीत मनाली-सोलंगला निघतोय. पाऊस की बर्फ, हे आधी ताडायचं आहे.

1000 ते 500 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) थराची जाडी, म्हणजे या दोन दाबांच्या पातळ्यांमधलं उभं अंतर, 5400 मीटरखाली गेली की बर्फ, हा नियम ठाऊक आहे; हवा थंड तितका थर पातळ. ती जाडी म्हणजे थराचं सरासरी तापमान साधारण उणे 7 अंश सेल्सियस. दर अंशाला सुमारे 20 मीटरचा फरक. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हीच जाडी 5800च्या आसपास असते, त्यामुळे नकाशावरची ती 5400ची रेघ वापरायची सवयच नाही.

अडचण अशी की मनाली सुमारे 2050 मीटरवर आहे, हवेचा दाब जेमतेम 800 हेक्टोपास्कल. म्हणजे 1000 ते 800 हा भाग डोंगराच्या पोटात, हवामान अंदाजाच्या संगणकीय मॉडेलने गृहीत धरलेला! 850-700 थराची 1540 मीटरची बर्फाची खूणही त्याचमुळे लंगडी पडते.

म्हणून 700-500 थर घेतला. 700ला तापमान शून्य आणि 500ला उणे 18 धरलं तर जाडी जवळपास 2600 मीटर येते. पण 700ची पातळीच 3000 मीटरवर, म्हणजे गावापेक्षा हजारभर मीटर उंच. तेव्हा मनालीत बर्फ हवा तर आकडा किती खाली हवा? 2550 पुरेल?

शिवाय हवा कोरडी असली की 2 अंशांतही बर्फ टिकतो, कारण वेट-बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीवरचं, बाष्पीभवनाने उतरलेलं तापमान) शून्याखाली असतो. हे जाडीत दिसत नाही. तिथल्या पश्चिमी विक्षोभांवर (पश्चिमेकडून येऊन हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणाऱ्या हवामान प्रणालींवर) नियमित नजर ठेवणाऱ्यांनी कृपया सांगावं: जाडी सोडून सरळ वेट-बल्बची शून्य पातळीच पाहावी का?