सिव्हिलायझेशन ६ : नवख्याला आधी हिशेब शिकवायचा, की आधी खेळू द्यायचं?

ऐरोलीकर :
मंडळी, चार दिवस हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. अकरावीतला भाचा दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे ऐरोलीला राहायला आला होता. त्याला सिव्हिलायझेशन ६ (शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम) लावून दिला आणि मुद्दाम काही सांगितलं नाही. म्हटलं, खेळता खेळता कळेल. त्याने राजधानी वसवली मैदानाच्या मधोमध, नदीपासून तीन टाइल (नकाशावरची घरं) लांब. का, तर तिथून चहूबाजूंना मोकळी जागा दिसत होती.

नवीन कोणी वाचत असेल तर सांगतो. गोड्या पाण्याकाठच्या शहराला ५ हाउसिंग (लोकांच्या राहण्याची सोय) मिळतं, नुसत्या समुद्रकाठच्याला ३ आणि पाणीच नसेल तर २. राजधानीच्या राजवाड्याचं १ धरून याच्याकडे झालं ३. लोकसंख्या हाउसिंगपेक्षा एकानेच कमी उरली की शहराची वाढ निम्म्यावर येते, दोन्ही सारखे झाले की पाव. म्हणजे दुसऱ्या नागरिकापासूनच गाडी रुतली. त्यात सेटलर (नवं शहर वसवणारी तुकडी) काढायचा तर शहरात किमान २ माणसं हवीत, आणि काढला की त्यातला एक जातो. पन्नासाव्या टर्नलाही राजधानी जेमतेम चारवर. पोरगा नुसता 'पुढचा टर्न' दाबत होता. शेवटी म्हणाला, "मामा, हा गेम अडकलाय." लॅपटॉप मिटला आणि खाली क्रिकेट खेळायला गेला.

माझं म्हणणं एवढंच, की जे निर्णय नंतर फिरवता येत नाहीत, त्यांचा हिशेब नवख्याला आधी समजावून द्यायलाच हवा. शहर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. कॅम्पस (शहराचा विज्ञानाचा विभाग) एकदा डोंगरापासून लांब बसवला, की लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे मिळणारं १ विज्ञान डावभर गेलं. कोणतं तंत्रज्ञान आधी घ्यायचं, कोणाशी दोस्ती करायची, हे खुशाल चुकू दे.

तलावपाळी :
साफ असहमत. १९९६ साली दुसरी आवृत्ती आली, ती मी नौपाड्यात मित्राच्या घरी खेळलो. एका कॉम्प्युटरवर चौघं. सांगणारं कोणी नव्हतं. पहिल्या डावात रानटी टोळी समुद्रातून आली आणि आमचं बिनपहाऱ्याचं शहर घेऊन गेली. त्यानंतर एकाही शहरात सैनिक ठेवायला आम्ही विसरलो नाही. हे कोणी आधी सांगितलं असतं तर "हो हो" म्हणून सोडून दिलं असतं.

शिवाय पाण्याचं तर गेमच सांगतो. सेटलर निवडला की नकाशा रंगतो. गडद हिरवं म्हणजे गोडं पाणी, फिकट हिरवं म्हणजे समुद्र, करडं म्हणजे कोरडं. आणखी काय सांगायचं? राहता राहिला फिरवता न येण्याचा मुद्दा. हे काय खरं ठाणं आहे का, की तलाव बुजला तर परत खणता येणार नाही? नवा डाव लावायला एक मिनिट लागतं.

ऐरोलीकर :
रंग त्याला दिसले होते, मी विचारलं. गडद हिरवं त्याला जंगल वाटलं. करडी जागा मोकळी, म्हणून चांगली वाटली. रंग दिसणं वेगळं आणि त्यामागे हाउसिंगचा आकडा आहे हे कळणं वेगळं. आणि नवा डाव तोच लावतो, ज्याला आपलं काय चुकलं ते कळलेलं असतं.

खारघर_षट्कोन :
दोघांशीही थोडा वाद आहे. मला आकडे पाठ होते, आणि त्यांनीच मला बुडवलं.

मी पाचव्या आवृत्तीवर वाढलो. तिथे आनंदाचा हिशेब सगळ्या साम्राज्याचा मिळून एकच. प्रत्येक शहरामागे ३ नाराजी, प्रत्येक नागरिकामागे १. म्हणून चारच शहरं वसवायची आणि तीच जोपासायची, हे हाडीमाशी भिनलेलं. २०१६ मध्ये सहावी आली, तिथेही मी चार शहरं करून शहाण्यासारखा बसलो. शेजाऱ्याने तोवर नऊ वसवली. सहावीत अ‍ॅमेनिटीचा (सुखसोयींचा) हिशेब शहरागणिक असतो, साधारण दोन नागरिकांमागे एक. नवीन शहर जुन्या शहरांवर तसा भार टाकत नाही. उलट डिस्ट्रिक्टची (कॅम्पससारख्या विभागांची) मर्यादा प्रत्येक शहराच्या लोकसंख्येवर ठरते (पहिला १ वर, दुसरा ४ वर, तिसरा ७ वर), त्यामुळे जास्त शहरं म्हणजे जास्त कॅम्पस. हे मला दीडशे टर्ननंतर उमगलं. तोवर त्याच्या बंदुका माझ्या वेशीवर होत्या आणि माझे धनुर्धारी अजून तीरच मारत होते.

२०२५ मध्ये सातवी आली, तिच्यात तर बिल्डरच (शेतं, खाणी बांधणारी तुकडी) काढून टाकलाय. मग आकडे कुठवर शिकवणार? भाच्याला ५, ३, २ सांगू नका. माणसाला खायला लागतं, राहायला लागतं आणि दोन्ही पाण्याशी बांधलेलं आहे, एवढं सांगा. ते कुठल्याही आवृत्तीत उपयोगी पडेल.

नेरूळ_पूर्व :
ऐरोलीकर, तुम्ही नवी मुंबईत राहून "शहराची जागा चुकली की संपलं" म्हणता याचं मला नवल वाटतं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि हे शहर नोड (वेगवेगळी उपनगरं) आखून वसवलं गेलं. आज महापालिकेच्या मालकीच्या मोरबे धरणाचं पाणी आपण पितो, आणि ते धरण पार खालापूर तालुक्यात आहे. शहर पाण्याजवळ नसेल तर पाणी शहराकडे आणतात. गेममध्येही ती सोय आहेच. अ‍ॅक्विडक्ट (शहरात पाणी आणणारा पाट) बांधा, कोरड्या शहराचं हाउसिंग ६ पर्यंत जातं. भारत घेऊन खेळत असेल तर बारव बांधा, एकीमागे १ अन्न आणि १ हाउसिंग. आपल्याकडच्या बारवा तिथे पाहून मला तर फार बरं वाटलं होतं. फक्त दोन बारवा शेजारीशेजारी चालत नाहीत आणि टेकडीवरही नाहीत.

चूक झाल्यावर ती निस्तरायला शिकणं हाच या खेळाचा गाभा आहे. तो तुम्ही पोराकडून काढून घेताय.

ऐरोलीकर :
ताई, बारव मान्य. पण अ‍ॅक्विडक्ट नीट आठवा. तो शहराच्या मध्याला चिकटून लागतो आणि त्याच टाइलला नदी, तळं, ओअ‍ॅसिस किंवा डोंगरही लागून असावा लागतो. याची नदी तीन टाइल लांब, डोंगर जवळपास नाही. मोरबे तुमच्या-माझ्यापर्यंत पोचतं, त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. धान्यकोठार मात्र मी त्याला सुचवायला हवं होतं. २ हाउसिंग आणि १ अन्न, पॉटरी या एकाच तंत्रज्ञानावर मिळतं. ती माझी चूक.

घणसोली_से७ :
आधी एकच गोष्ट सांगायची तर मी रानटी टोळीच्या स्काउटची (टेहळ्याची) सांगेन. त्याने शहर पाहिलं की डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि तो तळाकडे पळत सुटतो. तो पोचायच्या आत मारला नाही, तर पाठोपाठ टोळी आलीच म्हणून समजा. हे न सांगता नवख्याला सोडणं मला क्रूर वाटतं.

तलावपाळी :
अजिबात सांगू नका! ती टोळी पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा जे धडधडतं, त्यासाठीच तर आपण वीस-पंचवीस वर्षं हे खेळतोय.

ऐरोलीकर, भाच्याने नंतर काही विचारलं का?

ऐरोलीकर :
विचारलं ना. घरी गेल्यावर दोन दिवसांनी फोन केला. "मामा, नदीकाठी बसवलं असतं तर?"

तलावपाळी :
मग? फसला म्हणूनच विचारलं ना.

ऐरोलीकर :
कोणी येऊन त्याची राजधानी घेतली असती तर मी हा धागा काढलाच नसता. तसं हरलेला पोरगा चिडून लगेच दुसरा डाव लावतो. हा हरला नाही, कंटाळला, आणि नशिबाने त्याला परत आठवण झाली. दरवेळी होईलच असं नाही. शनिवारी येतोय तो. पहिल्या सेटलरला थांबवून रंगांचा अर्थ सांगणार. मग कोठाराचं, आणि स्काउटचं.

तलावपाळी :
स्काउटचं राहू द्या हो.